‘घरच्यासारखी माणसे’ आणि त्यांचा हिशेब

दि. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यानंतर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने मोठे कारखाने, माहिती तंत्रज्ञानातील कंपन्या आणि घरपोच सेवा देणारे दुचाकीस्वार यांच्याभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकही होते. मात्र ज्या ठिकाणी महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्ग स्वतः मालक असतो आणि तरीही स्वतःला कधी मालक मानत नाही, त्या ठिकाणाची या चर्चेत कोणाला आठवणही झाली नाही. ते ठिकाण म्हणजे गल्लीतला, नाक्यावरचा, तालुक्याच्या बाजारपेठेतला खासगी दवाखाना. डॉक्टर पती-पत्नी, खिडकीवर नंबर लावणारी एक मुलगी, एक कंपाउंडर, इंजेक्शन-सलाईन पाहणारी एक सिस्टर आणि झाडलोटीपासून ड्रेसिंगच्या तयारीपर्यंत सगळे करणाऱ्या एक मावशी. असे हजारो दवाखाने राज्यात आहेत. सनदी लेखापालाचे, वास्तुविशारदाचे वा करसल्लागाराचे कार्यालय यापेक्षा फारसे वेगळे नसते. पण दवाखान्याचे उदाहरण सर्वांच्या रोजच्या परिचयाचे, म्हणून तेच येथे घेणे सोयीचे.

या चार-सहा माणसांवर दवाखाना किती अवलंबून असतो, हे रुग्णाला डॉक्टरांपेक्षा अधिक ठाऊक असते. कोणत्या आजोबांना जिना चढवत नाही, कोणत्या बाळाचा ताप पाहता त्याला रांग मोडून आत सोडले पाहिजे, कोणाकडे मागील दोन भेटींचे पैसे राहिले आहेत आणि ते मागायचे की नाहीत, हे सर्व खिडकीवरची मुलगी जाणते. गल्ला तिच्या हाती असतो. कोणत्या घरात कोणता आजार आहे हे गुपितही तिच्यापाशी असते आणि ती ते बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणतात, “ती आमच्या घरचीच आहे,” तेव्हा त्या बोलण्यात ढोंग नसते. मावशींच्या मुलीच्या लग्नाला डॉक्टर दांपत्य सहकुटुंब जाते, कंपाउंडरच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ओळखीच्या तज्ज्ञाकडून सवलतीत करून दिले जाते. ही आपुलकी खरी आहे आणि ती आपल्या समाजाची मोलाची ठेव आहे, यात शंका नाही.

अडचण निर्माण होते ती याच वाक्याचा उपयोग प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून होऊ लागला म्हणजे. पगार नेमका कोणत्या तारखेला? घरचीच आहे, चार दिवस इकडे तिकडे चालते. रात्री उशीर झाला त्याचे काय? घरच्या माणसाने घड्याळ पाहायचे नसते. रजा किती? लागेल तेव्हा घे, आम्ही कधी नाही म्हटले आहे का? भविष्य निर्वाह निधी? आम्ही आहोत ना! यातील प्रत्येक उत्तर गोड आहे आणि प्रत्येक उत्तरानंतर तिच्या हाती काहीही येत नाही.

वेळेचा हिशेब पाहावा. दवाखान्याची वेळ सकाळी साडेनऊ ते दीड आणि सायंकाळी साडेपाच ते साडेनऊ अशी पाटीवर लिहिलेली असते. म्हणजे आठ तास. प्रत्यक्षात शेवटचा रुग्ण दहाच्या सुमारास बाहेर पडतो, मग गल्ला मोजायचा, केसपेपर लावायचे, फ्रीजमधील लसी पाहायच्या, कुलूप घालायचे. सव्वादहा वाजतात. रोजचा हा पाऊण तास महिन्याच्या सव्वीस दिवसांत साडेएकोणीस तासांचा होतो. समजा, तिला दरमहा १२,००० रुपये मिळतात. सव्वीस दिवसांनी भागून, आठ तासांनी भागले की तासाचे ५७ रुपये ६९ पैसे झाले. जादा कामाचा दर कायद्याने किमान दुप्पट, म्हणजे तासाला सुमारे ११५ रुपये. साडेएकोणीस तासांचे बरोबर २,२५० रुपये होतात. दरमहा एवढी रक्कम, म्हणजे वर्षाला २७,००० रुपये, ती मुलगी दवाखान्याला देत असते. तिला ते ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही नसते. घेणाऱ्याला आपण घेतो आहोत याची कल्पना नाही आणि देणाऱ्याला आपण देतो आहोत याची नाही, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

शिवाय मधल्या चार तासांचे काय करायचे, हा प्रश्न तिचा तिनेच सोडवायचा असतो. घर लांब असेल तर बसभाडे परवडत नाही, म्हणून ती दुपारी दवाखान्यातच बाकावर पडून राहते. सकाळी नऊला घर सोडलेली बाई रात्री पावणेअकराला घरी पोहोचते आणि कागदोपत्री तिची ड्यूटी आठ तासांची असते. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्याने स्त्रियांच्या कामासाठी सकाळी सात ते रात्री साडेनऊ ही सर्वसाधारण मर्यादा घातली. त्यापुढे थांबवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची तजवीज मालकाने करायला हवी, असे म्हटले. रात्री सव्वादहाला दवाखान्याचे शटर ओढून एकटी स्थानकाकडे चालत जाणारी स्वागतिका या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे, हे सांगायला वकील लागत नाही.

कायद्याचा आणि दवाखान्याचा संबंध आजचा नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली डॉक्टरचा खासगी दवाखाना येतो काय, हा वाद गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डॉ. देवेंद्र सुरती यांच्या त्या खटल्यात, १९६८ साली, न्यायालयाने निर्णय दिला की डॉक्टरचा व्यवसाय हा स्वतःच्या बुद्धीवर व कौशल्यावर चालणारा असल्याने त्याचा दवाखाना ही ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे. त्या काळच्या कायद्याच्या शब्दांत तो निर्णय सुसंगत होता. पुढे महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याची व्याख्याच रुंदावली आणि वैद्यकीय व्यावसायिकांना तीत आणले. २०१७ च्या कायद्यात तर रुग्णालय, दवाखाना, क्लिनिक, प्रसूतिगृह असे शब्द स्पष्टपणे आहेत. तरीही ‘हा धंदा नाही, ही सेवा आहे’ ही १९६८ पूर्वीची धारणा मनातून गेलेली नाही. सेवा आहे हे खरेच. पण सेवा डॉक्टरांनी स्वीकारलेली असते. कंपाउंडरने नोकरी स्वीकारलेली असते. एकाच्या व्रताचा खर्च दुसऱ्याच्या पगारातून भागवता येत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आकड्यांचा उंबरठा. कर्मचारी राज्य विमा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा, या सर्वांसाठी आस्थापनेत किमान दहा माणसे असावी लागतात. भविष्य निर्वाह निधीला वीस लागतात. राज्याचा २०१७ चा दुकाने कायदाही दहापासून पुढे पूर्णपणे लागू झाला. त्याखालच्या आस्थापनांना केवळ सूचना देण्यापुरते बंधन उरले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठाही वीसपर्यंत नेण्यास मान्यता दिली. लहान व्यावसायिकाला कागदपत्रांच्या जाचातून सोडवावे, हा त्यामागील हेतू वाजवी आहे. इन्स्पेक्टरच्या फेऱ्या आणि त्या फेऱ्यांमागील ‘व्यवहार’ ज्यांनी सोसले त्यांना या सवलतीचे मोल समजेल. पण सवलत नोंदणीतून मिळाली, माणुसकीतून नव्हे, हा भेद हळूहळू पुसला जातो. नऊ हा आकडा अनेक ठिकाणी योगायोगाने आलेला नसतो. पतीचा दवाखाना एक आस्थापना, पत्नीचा दुसरी, खालचे औषधांचे दुकान भावाच्या नावे तिसरी. जिना एक, झाडणारी मावशी एक, आणि तिघांच्याही दप्तरी माणसे सहा-सहा. उत्तम सल्लागार लाभलेल्या व्यावसायिकाला अशी रचना बेकायदेशीर ठरणार नाही असे सांगितलेही जाते. मावशींना मात्र आपण नेमके कोणाकडे कामाला आहोत हेच सांगता येत नाही.

तथापि सर्वच तरतुदी दहावर थांबत नाहीत, आणि येथेच बहुतेक दवाखान्यांची समजूत चुकते. किमान वेतन देण्यासाठी माणसे मोजावी लागत नाहीत; वेतन संहितेने ते आता प्रत्येक नोकराचा हक्क केले आहे, मग दवाखान्यात एकच मावशी का असेना. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. सामान्य कामाच्या दिवसापेक्षा अधिक काम घेतले तर दुप्पट दर दिला पाहिजे. पगाराची चिठ्ठी दिली पाहिजे. नोकरी सोडणाऱ्याचे वा काढलेल्याचे उरलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते केले पाहिजे. ‘नवीन मुलगी मिळेपर्यंत थांब, मग देतो’ हे चालणार नाही. उपकरण फुटले, औषधाची बाटली पडली, तर तिची किंमत पगारातून परस्पर कापता येत नाही. त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी आधी द्यावी लागते, आणि कापायची ती रक्कमही प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असू शकत नाही. यात क्रांतिकारक असे काहीच नाही. चांगल्या घरात धाकट्या भावाचा व्यवहारसुद्धा याच रीतीने होतो.

एक तरतूद तर डॉक्टरांना कायद्याच्या पुस्तकातून शिकवावी लागू नये. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कावीळ-ब आणि धनुर्वात यांची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्यतपासणी करणे ही जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावर टाकली आहे. तेथे नऊ-दहाचा प्रश्न नाही. वापरलेल्या सुया, रक्ताचे बोळे, ड्रेसिंगच्या पट्ट्या रोज गोळा करून रंगीत पिशव्यांत भरणाऱ्या मावशींना कावीळ-ब ची लस दिली आहे काय, हा प्रश्न आपापल्या परिचयाच्या दवाखान्यात कोणीही विचारून पाहावा. डॉक्टरांनी स्वतः घेतलेली असते, त्यांच्या मुलांनी घेतलेली असते. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लस त्याच फ्रीजमध्ये असते ज्याचे दार मावशी रोज पुसतात. तिची किंमत अडवणूक करण्यासारखी नाही. अडवतो तो विचार, किंवा खरे तर विचाराचा अभाव. ‘घरची’ म्हणवल्या गेलेल्या बाईला घरच्या फ्रीजमधील लस मिळू नये, याला निष्काळजीपणा म्हणणेही सौम्य ठरेल.

मे महिन्यात डॉक्टर कुटुंब आठ-दहा दिवस बाहेरगावी जाते. दवाखान्याच्या दारावर पाटी लागते. अनेक ठिकाणी त्या दिवसांचा पगार कापला जातो, कारण ‘काम नव्हते’. काम करायची तयारी असलेल्या माणसाला मालकाच्या सोयीसाठी घरी बसवले, तर तो खाडा कोणाचा? २०२० च्या टाळेबंदीत हाच प्रश्न मोठ्या रूपात समोर आला होता. तेव्हा काही डॉक्टरांनी दवाखाने बंद असताना वा निम्मे चालू असताना पूर्ण पगार दिले, कर्मचाऱ्यांना ने-आण करण्याची व्यवस्था केली. काहींनी पहिल्याच महिन्यात हात वर केले. कोणाचे कर्मचारी आजही टिकून आहेत, याचा शोध ज्याने त्याने आपल्या गावात घ्यावा.

आता दिवाळी. दिवाळीला साडी, मिठाईचा पुडा आणि एका पगाराइतके पाकीट ही प्रथा चांगली आहे. तिला नावे ठेवणारे करंटे म्हटले पाहिजेत. पण वर्षभराच्या जादा कामाचे २७,००० एका बाजूला आणि पाकिटातील १२,००० दुसऱ्या बाजूला, असे मांडले की भेट कोणी कोणाला दिली हे उलगडते. भेट ही देणे चुकते झाल्यावरच शोभते. पाकीट घेताना त्या मुलीने वाकून नमस्कार करावा आणि डॉक्टरांनी कृतार्थ व्हावे, हे दृश्य सुंदर आहे. वहीत काय लिहिले आहे, त्यावर त्याचे सौंदर्य अवलंबून आहे.

‘हिशेब आला की आपुलकी जाते, हे पाश्चात्त्य कोरडेपण आपल्याकडे नको,’ असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपली परंपरा तपासून पाहावी. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात कर्मकरांविषयीचा विचार आहे. काम करणारा आणि करवून घेणारा यांच्यात काय ठरले आहे, हे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असावे, असे कौटिल्य सांगतो. ठरलेले वेतन दिलेच पाहिजे. ठरले नसेल तर काम आणि काळ यांच्या मानाने द्यावे. वेतन न देणाऱ्या मालकाला दंड आहे. शेजाऱ्यांना साक्षी ठेवण्याची ही सूचना म्हणजे आजचे नियुक्तिपत्रच नव्हे काय? शुक्रनीतीत तर चाळीस वर्षे सेवा केलेल्या सेवकाला काम न घेता अर्धे वेतन द्यावे, असा विचार आढळतो; त्या ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी तो कोणा परदेशी कामगारतज्ज्ञाने लिहिलेला नाही. लिखापढीने नाते कोरडे होते, ही समजूत परंपरेतून आलेली नाही; ती सोयीतून आली आहे.

‘परिवार’ हा शब्द कामगारक्षेत्रात ज्यांनी विचारपूर्वक आणला, त्यांचाही अर्थ निराळा होता. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. वर्गसंघर्षाच्या परिभाषेला पर्याय म्हणून त्या संघटनेने ‘औद्योगिक परिवार’ ही कल्पना मांडली. पण त्या परिवारात श्रमिक हा आश्रित नव्हता. उद्योगात भांडवलाइतकाच श्रमाचाही वाटा आहे, हे गृहीत धरून ती कल्पना उभी होती. म्हणून ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ हा शब्दप्रयोग तिच्या जोडीने आला. परिवारात वाटा असतो. वाटा न देता केवळ नाते सांगणे, ही परिवाराची नव्हे, जुन्या वाड्यातील सालगड्याची रीत झाली.

डॉक्टरांची बाजू नाही असे मुळीच नाही. जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते, वाढते वीजबिल, शेजारी उभे राहिलेले झगमगीत कॉर्पोरेट रुग्णालय, आणि दहा रुपये फी वाढवली की ‘डॉक्टर बदलले’ म्हणून कुजबुजणारे जुने रुग्ण. नव्या, जेमतेम स्थिरावलेल्या डॉक्टरची मिळकत लोक समजतात तेवढी नसते. त्यातच शिकवून तयार केलेली मुलगी हजार रुपये जास्त मिळाले की त्या मोठ्या रुग्णालयात निघून जाते, हे दुःख खरे आहे. परंतु आकडे येथेही थोडे वेगळे सांगतात. वरच्याप्रमाणे तीन कर्मचाऱ्यांचा जादा वेळ धरला तर महिन्याचे ६,७५० रुपये होतात. रोज चाळीस रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यात महिन्याला १,०४० रुग्ण येतात. रुग्णामागे साडेसहा रुपये. एवढ्या रकमेसाठी दवाखाना बुडणार असेल, तर तो दुसऱ्याच कोणत्या कारणाने बुडत असला पाहिजे.

आणि जादा वेळेचे पैसे देण्यापेक्षा तो वेळच वाचवणे अनेकदा अधिक शहाणपणाचे असते. शेवटचा केसपेपर नऊ वाजता बंद केला, तर साडेनऊला कुलूप लागू शकते. दोन कर्मचाऱ्यांच्या वेळा अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे केल्या, तर सकाळ उघडणारी व्यक्ती रात्र बंद करणारी नसते. गल्ला मोजण्याचे काम शेवटच्या रुग्णाच्या आधी अर्धे होऊ शकते. हे सुचायला मात्र आधी वेळ लिहून ठेवावी लागते. दहा रुपयांची एक वही, तीत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. महिन्याअखेर डॉक्टरांनी आणि कर्मचाऱ्याने ती एकत्र पाहायची. त्याच वहीच्या मागच्या पानांवर उचल लिहावी. उचल ही लहान दवाखान्यातील सर्वांत नाजूक बाब. मुलाच्या शाळेसाठी पाच हजार उचलले, दोन महिने कापले, मग आणखी तीन घेतले. किती फिटले आणि किती राहिले यावर दोन्ही बाजूंच्या आठवणी वेगळ्या असतात. वीस वर्षांचे संबंध अशा दोन हजारांवरून तुटलेले प्रत्येक गावाने पाहिले आहेत. त्यात बहुधा कोणीही खोटे बोलत नसतो. लिहिलेले नसते एवढेच.

रजेचेही तसेच. राज्याच्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनेत वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वर्षभरात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची अर्जित रजा अशी तरतूद केली. पाच माणसांच्या दवाखान्यावर ती बंधनकारक नसेल. पण मोजमाप म्हणून ती तयार आहे, नवे काही शोधावे लागत नाही. ‘लागेल तेव्हा घे’ म्हणणाऱ्या दवाखान्यात प्रत्यक्षात रजा सर्वांत कमी घेतल्या जातात, कारण मागणाऱ्याला प्रत्येक वेळी मेहेरबानी मागावी लागते. आठ दिवस लेखी मिळाले की माणूस ते ताठ मानेने घेतो, आणि डॉक्टरांनाही आधी कळते.

संरक्षणाच्या बाबतीत कायदा जेथे पोहोचत नाही तेथे पोहोचण्याचे मार्गही महाग नाहीत. मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे आणि सुरक्षा विमा योजनेचा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू आल्यास वारसाला प्रत्येकी दोन लाख रुपये मिळतात. एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला ४५६ रुपये, पाच जणांचे २,२८०. डॉक्टरांच्या मोटारीच्या विम्याचा हप्ता याहून कितीतरी अधिक असतो. वय चाळिशीच्या आत असेल आणि ती व्यक्ती आयकर भरत नसेल, तर अटल पेन्शन योजना आहे. राज्य विमा योजनेत स्वेच्छेने सामील होण्याची वाटही लहान आस्थापनांसाठी खुली आहे. दरमहा १२,००० पगारावर कर्मचाऱ्याचे ९० रुपये आणि मालकाचे ३९० रुपये असा तिचा भार पडतो. आजारपणात डॉक्टर मोफत तपासतील हे ठीक. पण हाड मोडून तीन महिने घरी बसावे लागले तर तपासणी मोफत असून भागत नाही, चूल पेटवावी लागते.

शेवटी राहतो तो निरोप. तीस वर्षांपूर्वी दहावी नापास मुलगा म्हणून आलेला कंपाउंडर आता साठीला टेकला आहे. त्याचे हात थरथरतात, गोळ्या मोजताना चुकतो. दवाखान्यात छोटा समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, डॉक्टरांचा कंठ दाटून येतो. तोच माणूस दहा माणसांच्या आस्थापनेत असता, तर शेवटच्या १४,००० पगारावर, वर्षाला पंधरा दिवस या हिशेबाने, तीस वर्षांचे २,४२,३०८ रुपये त्याला हक्काने मिळाले असते. नऊ माणसांच्या दवाखान्यात ही रक्कम शून्य असते. पंधरा दिवसांचे वेतन वर्षभर दरमहा बाजूला काढायचे म्हटले, तर पगाराच्या पाच टक्क्यांहूनही किंचित कमी पडते. १४,००० पगारावर महिन्याला सुमारे ६७३ रुपये. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव असते. ती कर्मचाऱ्याच्या नावाने उघडावी, हप्ता पगारासोबत भरावा, मुदत संपली की रक्कम त्याच्याच खात्यात जावी आणि पुन्हा नवी सुरू करावी. पासबुक डॉक्टरांच्या कपाटात ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते, ‘हरवेल म्हणून’. ते पहिल्या दिवसापासून त्याच्या घरी असावे.